‘कोई तकलीफ?’ – ‘नहीं साब!’

ज्या कुणी ठरवलं, की हृदयाच्या पेशंटला तपासायची खोली दुसऱ्या मजल्यावर असावी, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. नाव माहीत नाही, पद माहीत नाही. पण त्याचे स्वतःचे गुडघे शाबूत होते आणि जिना चढताना त्याच्या छातीत काही दुखत नव्हतं, एवढं मी खात्रीनं सांगते!

असो. राग हा माझा जुना आजार आहे आणि त्यावर औषध देणारे सुभेदारसाहेब आता मुलाकडे नाशिकला राहतात.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मंडळाची एक खोली होती. अर्ध्या खोलीत गणपतीच्या मखराचं सामान, थर्माकोलचे दोन खांब आणि एक मान मोडलेला मोर. उरलेल्या अर्ध्या खोलीत दर शनिवारी सकाळी आमचं टेबल. माजी सैनिकांची कार्डं काढून देणं, फॉर्म भरणं, जवळच्या दवाखान्यातून मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलची चिठ्ठी मिळवणं, आणि ती मिळाली की त्या माणसाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तिथवर पोचवणं, ही आमची कामं.

अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते फॉर्म भरता भरता साचतात. फॉर्म काय, फाइलला लावून मोकळं होता येतं. किस्से मात्र आपल्यासोबत घरी येतात. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, खोली पाडली, मोरही गेला. मी हल्ली अंधेरीच्या एका ऑफिसात एसीत बसते. पण शनिवारी सकाळी सातला जाग येतेच!

* * *

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून.

कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि जग सुधारायला मी जरा उशीरच करतेय असं मला वाटत होतं. मी सुंदर अक्षरात बोर्ड रंगवला : ‘माजी सैनिक मदत केंद्र.’ दारावर टांगला. टेबलावर फॉर्म, पेनं, पाण्याचा जग.

पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी एक आजोबा आले, त्यांनी विचारलं, “इथे गणपतीची वर्गणी घेतात का?” आणि गेले. तिसऱ्या शनिवारी मी मोराशी बोलायला लागले होते!

तेवढ्यात एक उंच, सडसडीत गृहस्थ दारात थांबले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी बोर्ड वाचला, मग मला वाचलं.

“कुणाची कल्पना?”

“माझी, काका.”

“सुभेदार कांबळे. काका नाही.” ते आत आले. “पोरी, तीन आठवडे मी समोरच्या फुटपाथवरून बघतोय. निदान दहा जण येऊन बोर्ड वाचून परत गेले. अगं, ‘मदत’ लिहिलेल्या दारातून कुठला जवान आत येईल?”

“मग काय लिहू?”

त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला, ‘मदत केंद्र’वर पांढरा हात मारला आणि वर एकच शब्द लिहिला : ‘हजेरी.’

पुढच्या शनिवारी साडेसात वाजता अकरा जण दारात रांगेत उभे होते. दाढ्या केलेले!

* * *

त्या अकरांमधले सगळ्यात पुढचे म्हणजे सावंतकाका. हवालदार, मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. बुटके, गोल चेहऱ्याचे. त्यांना काका म्हटलेलं चालायचं. ते मला ‘चेडवा’, म्हणजे पोरी, म्हणायचे.

“तुमचा काय प्रॉब्लेम, काका?”

“माका? माका काय्येक नाय. मी हजेरी घेवक इलंय.”

आणि खरंच घ्यायला लागले! स्वतःची वही आणली, रेघा आखल्या आणि टेबलाच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकली. नाव, हुद्दा, गाव, आजार. आलेला माणूस माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याची वहीत नोंद झालेली असायची.

दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की हे रस्त्यानं चालताना मध्येच थांबतात. आमच्या घरी दुसऱ्या मजल्यावर चहाला आले तर जिन्यात दोनदा थांबले. खाली वाकले.

“काय झालं, काका?”

“बुटाची लेस सुटली गो.”

मी पाहिलं. त्यांच्या पायात चपला होत्या!

सावंतकाकूंना मी गाठलं. त्या मार्केटमध्ये कोकमं निवडत होत्या. “काकू, काकांना धाप लागते का?” काकूंनी कोकमं खाली ठेवली. “लागता. रात्री दोन उशये घेवन बसान झोपतत. इचारलंय तर म्हणतत, बरां आसा. लगीन झाल्यापास्ना ह्येंचा एकच उत्तर. ताप इलो तरी पयली दाढी करतले, मगे सांगतले, बरां आसा.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “तू शिकलेली मां? तूच काय ता कर.”

त्या दिवसापासून बाकी सगळी कामं एका बाजूला आणि सावंतकाकांना डॉक्टरसमोर बसवणं एका बाजूला.

* * *

बसवले! त्यात काही अवघड नव्हतं. “काका, दवाखान्यात फॉर्म तपासायला जायचंय,” एवढं म्हटलं की हे तयार.

दवाखान्यातले डॉक्टर फौजेतूनच निवृत्त झालेले होते. माणूस चांगला, पण बाहेर रांग दरवाजापर्यंत. सावंतकाका आत गेले, टाचा जुळवून उभे राहिले. डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं,

“कोई तकलीफ?”

“नहीं साब!”

तपासणी समाप्त. ताकदीच्या गोळ्या मिळाल्या.

दुसऱ्या वेळी मी चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. धाप, छाती, जिना, दोन उशा. बाहेर आले ते पुन्हा ताकदीच्या गोळ्या घेऊन. चिठ्ठी तशीच खिशात, व्यवस्थित चार घड्या घालून.

“दिली का नाही?”

“चिठ्ठीर माजी सही नाय होती,” ते शांतपणे म्हणाले.

तिसऱ्या वेळी मी स्वतः आत घुसले. सगळं घडाघडा सांगितलं. डॉक्टरांनी सावंतकाकांकडे पाहिलं. “सच है?”

काकांनी छाती पुढे काढली. “साब, बच्ची है. दिल की अच्छी है.”

ताकदीच्या गोळ्या! त्या वर्षी सावंतांच्या घरात इतक्या गोळ्या साठल्या, की काकू त्या तुळशीला घालायच्या. तुळस झकास फोफावली. काका मात्र अजून लेस बांधतच होते.

* * *

चिठ्ठी मिळालेल्या इतर लोकांना मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं तर गाडी लागते. एका शाळेची व्हॅन सुट्टीच्या दिवसांत मिळायची. पिवळी. आत लिहिलेलं, ‘खिडकीतून हात बाहेर काढू नये.’ सगळे जण हात मांडीवर ठेवून बसायचे. सावंतकाका पेशंट म्हणून नाही, ‘गाडीचे इन्चार्ज’ म्हणून पुढे.

पहिल्या खेपेला हॉस्पिटलच्या गेटवर पोचायची वेळ सकाळी नऊची. वेळ चुकायला नको म्हणून मी सुभेदारसाहेबांना साडेआठ सांगितलं. आता फौजेत पद्धत अशी, की वरून आलेली वेळ खाली देताना प्रत्येकानं थोडी आधीची द्यायची. सुभेदारसाहेबांनी सावंतकाकांना साडेसात सांगितलं. सावंतकाकांनी बाकीच्यांना साडेसहा सांगितलं. बाकीच्यांना कुणी सांगायलाच नको, ते आपापल्या हिशेबानं अर्धा तास आधी!

सहाला आम्ही हॉस्पिटलच्या गेटवर. मी कावलेली, डोळ्यांवर झोप. गेटवरचा जवान आमच्याकडे बघून जराही चकित झाला नाही.

मी म्हटलं, “सॉरी भैया, हम लोग थोडा जल्दी आ गये.”

“कोई बात नहीं मॅडम,” तो म्हणाला. “अंदर बैठिये. जिनका नंबर कल है, वो भी आ गये हैं.”

* * *

त्याच दिवशी आत आणखी एक प्रकार झाला. हाडांच्या ओपीडीत वीसेक खुर्च्या आणि वीसेक म्हातारे. सगळ्यांचे गुडघे गेलेले. सगळे कसेबसे टेकलेले.

दारातून काठी टेकत एक निवृत्त कर्नल आले. त्यांचाही गुडघाच! पण कुणीतरी ‘कर्नलसाब’ म्हटलं आणि अख्खी ओपीडी उठून उभी राहिली.

“बैठिये, बैठिये,” कर्नल म्हणाले.

कुणी बसेना. ते बसले तर बसणार. कर्नलना खुर्चीत खाली बसताच येत नव्हतं, गुडघा वाकत नव्हता. ते उभेच राहिले. म्हणून सगळे उभे. वीस रिकाम्या खुर्च्या आणि एकवीस गेलेले गुडघे! मी दोघातिघांचे हात धरून ओढून पाहिलं. खांब हलले असते, हे हलले नसते.

पाच मिनिटांनी कर्नल माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “बेटा, मैं बाहर पेड़ के पीछे खड़ा हूं. मेरा नंबर आये तो इशारा कर देना. नहीं तो ये सब यहीं गिर जायेंगे.”

मी इशारा केला. तेही झाडामागून पाठ ताठ करूनच आले.

* * *

आता त्या दुसऱ्या मजल्याबद्दल.

आमच्या दवाखान्यात ईसीजीची खोली वर आणि लिफ्ट बंद. किती दिवस? विचारू नका. लिफ्टच्या दारावर चिकटवलेला ‘बंद’चा कागद पिवळा पडून त्याच्यावर दुसरा ‘बंद’ लावला होता!

मला वाटलं, लिफ्ट चालू झाली तर सावंतकाकांना फसवून तरी वर नेता येईल. मी रात्रभराचा राग ओतून चार पानी निवेदन लिहिलं. त्यात ‘अन्याय’ सात वेळा होता. ‘देशासाठी लढलेल्यांची ही उपेक्षा आम्ही मुळीच सहन करणार नाही’ हे वाक्य दोनदा अधोरेखित.

सुभेदारसाहेबांनी चारही पानं वाचली. मन लावून, चष्मा पुसत. मग म्हणाले, “छान लिहितेस. जपून ठेव.” आणि कोरा कागद घेऊन तीन ओळी लिहिल्या : लिफ्ट बंद आहे. हृदयाचे पेशंट दुसऱ्या मजल्यावर तपासले जातात. माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी सादर.

“एवढंच? यार साहेब, ह्यानं काय होणार?”

“दहा दिवस थांब.”

आठव्या दिवशी लिफ्ट सुरू!

मी थक्क. “कसं काय?”

“पोरी, तुझा राग कुठल्या फाइलला लावणार ते? आवश्यक कार्यवाहीला मात्र फाइल असते.”

आनंदानं नाचत मी सावंतकाकांना लिफ्टपाशी नेलं. त्यांनी दार उघडलं, एका बाईंना आत जायला वाट दिली, आणखी दोघांना आत सोडलं, बटण दाबलं, दार लावलं आणि स्वतः जिन्याकडे वळले.

“काका! लिफ्ट!”

“ती पेशंटांका, चेडवा.”

अर्ध्या जिन्यात ते लेस बांधायला थांबले. ह्या वेळी बराच वेळ. भिंतीला हात लावून. ओठ निळसर दिसत होते. मला एकदम रडू आलं आणि संतापही. मी ओरडलेच, “काका, तुम्ही मराल हो असे! काकूंना काय सांगू मी?”

ते खाली उतरले. सरळ मंडळाच्या खोलीत वहीपाशी जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या दिवसाची हजेरी अर्धवट सोडली.

* * *

सुभेदारसाहेबांना मी ते सगळं सांगितलं. त्यांनी मोराची मोडलेली मान जरा सरळ केली.

“चूक डॉक्टरची नाही,” ते म्हणाले. “सावंतचीही नाही. प्रश्न चुकीचा आहे. महिन्याच्या दरबारात अख्खी पलटण बसलेली असते आणि साहेब विचारतो, कोई तकलीफ? आम्ही सगळे एका सुरात, नहीं साब! पायात गोळी असली तरी. सवयच ती.”

“मग विचारायचं काय?”

“सोमवारी दवाखान्यात येतो मी.”

सोमवारी दवाखान्यात सावंतकाका, मी आणि सुभेदारसाहेब. आत गेल्या गेल्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, “कोई तक...”

“हवालदार सावंत!” सुभेदारसाहेबांचा आवाज खोलीत असा फुटला, की बाहेरच्या रांगेतले दोघे सावधान झाले. डॉक्टरही नकळत ताठ बसले. “रिपोर्ट!”

सावंतकाकांची नजर समोरच्या भिंतीवर खिळली. हात मांड्यांना चिकटले. आणि सकाळच्या परेडला द्यावा तसा, खणखणीत, न अडखळता रिपोर्ट सुरू झाला.

“हवालदार सावंत, श्रीमान! आंख दो, दोनों हाजिर. कान दो, एक हाजिर, एक छुट्टी पर. घुटने दो, लाइट ड्यूटी. सांस पहले मजले तक हाजिर, श्रीमान. दूसरे मजले पर गैरहाजिर. आठ महीने से!”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “और सीने में?”

“दर्द एक, श्रीमान. बायीं तरफ. सीढ़ी पर रोज हाजिर. आज तक एक छुट्टी नहीं ली!”

कुणी हसलं नाही. डॉक्टर उठले, त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली, काकांना बसवलं आणि स्टेथोस्कोप लावला. खूप वेळ ऐकत होते. मग कागद घेऊन मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला लागले. वर ठळक अक्षरात ‘तातडीचे’.

बाहेर पडताना मी सुभेदारसाहेबांना म्हटलं, “पण ते खरं का बोलले?”

सुभेदारसाहेबांनी मी फारच अडाणी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “रिपोर्टात खोटं?”

त्यानंतर आमच्या वहीतल्या ‘आजार’ ह्या रकान्याचं नाव बदललं. ‘गैरहाजिर’ केलं. एकेकाची नोंद वाचण्यासारखी आहे. ‘डावा गुडघा, पावसाळ्यात.’ ‘झोप, बायको गेल्यापासून.’ वही मी सोडलेली नाही. मोर सोडला, वही घरी आणली.

* * *

सावंतकाकांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. मोठ्या हॉस्पिटलनं तारीख दिली. आदल्या दिवशी काकूंनी मला विचारलं, “तिकडे डागतरांनी काय तां कसां इचारलां, तेव्हा ह्ये बोलले?” मी सगळं सांगितलं. सुभेदारसाहेबांचा आवाज, टाचा, भिंतीवरची नजर, सगळं करून दाखवलं. काकूंनी दोनदा करून दाखवायला लावलं. हसल्या नाहीत.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. बाहेरच्या बाकावर काकू आणि मी. सुभेदारसाहेब बसले नाहीत. काकूंच्या मांडीवर डबा होता, पेज आणलेली. ती द्यायला मिळणार नाही, हे त्यांना माहीत होतं. दुपारी कुणीतरी येऊन सांगितलं, झालं, पण शुद्धीवर यायला वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, डोळे उघडलेत, पण बोलत नाहीत. दुपारी सांगितलं, अजून बोलत नाहीत. सुभेदारसाहेब अजून उभेच होते. मला आवश्यक कार्यवाही काहीच सुचत नव्हती.

चारला घरातल्या एकाच माणसाला दोन मिनिटं आत सोडलं. काकू डब्यासकट गेल्या. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी. दार पुरतं लागलं नव्हतं.

आत काका पडले होते. नाकात नळी, हाताला सुई, छातीवर भलंमोठं ड्रेसिंग. डोळे छताला. काकूंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

“कसां वाटता?”

काकांची नजर छतावरून हलली नाही.

“बरां आसा मां?”

ओठ हलले. आवाज नाही. पण काय म्हणाले ते मला काचेतूनही कळलं. बरां आसा.

काकूंनी हात काढून घेतला. दोन पावलं मागे सरकल्या. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. पेजेचा डबा साहेबाच्या छडीसारखा काखेत धरला. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन टाचा जुळवल्या, मान ताठ केली आणि त्या एवढ्याशा बाईच्या तोंडून असा आवाज निघाला, की तीन पलंग पलीकडचा पेशंटसुद्धा जागा झाला.

“हवालदार सावंत! रिपोर्ट!”

चादरीखाली काकांच्या टाचा हळूहळू एकमेकींकडे सरकल्या. जुळल्या.

“सांस...” घोगरा, तुटका आवाज आला. “सांस हाजिर, श्रीमान.”

“आनी?”

“दर्द... हाजिर.” थोडं थांबून, “भय... हाजिर, श्रीमान.”

काकू तशाच ताठ उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण मान हलली नाही.

तेवढ्यात कोपऱ्यात चादरी मोजत असलेल्या आयाबाई घाईघाईनं पुढे आल्या. काकूंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जरा अदबीनं बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, दोन मिनिटं संपली. तुम्ही कितीही मोठ्या ऑफिसर असा, टाइम सगळ्यांना सारखाच!”